नेमका आहार, नियमित व्यायाम, तरीही वाढते वजन : कारणांचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

वैशाली नगर (भिलाई, छत्तीसगढ) : जेवण मोजून-मापून, रोज तासभर चालणे, गोड जवळपास बंद, आणि तरीही वजनकाट्यावरचा आकडा वर सरकतच राहतो, ही तक्रार आज शहरी दवाखान्यांत नित्याची झाली आहे. तिला सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘थायरॉइड तपासून घ्या’. दुसरे, ‘खाणे कमी करा’. पहिले उत्तर अपुरे आहे आणि दुसरे पुष्कळदा अन्यायकारक. वैद्यकशास्त्राच्या आजच्या ज्ञानानुसार वजनवाढीचे कारण बहुतेक वेळा सापडते. मात्र त्यासाठी प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात. शरीरात नेमके काय वाढले, ते केव्हापासून आणि किती वेगाने वाढले, त्या सुमारास कोणते औषध सुरू झाले, झोपेची व कामाची वेळ कोणती, आणि शेवटी ताटातला व व्यायामाचा हिशेब कितपत खरा, असा हा क्रम आहे.

पोलादनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलाईत यातील एक प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पोलाद कारखान्यातील झोतभट्टी रात्री विझवता येत नाही. त्यामुळे कामगारांच्या पाळ्या दिवसाचे चोवीस तास चालतात. कारखाना आणि त्याच्या आधाराने उभे राहिलेले उद्योग यांच्या वेळापत्रकाने या शहराची झोप आणि जेवण दोन्ही ठरवली आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात स्थिरावलेली आणि पुढे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत.

पहिला प्रश्न : वाढले काय?

वजनकाटा फक्त एकूण भार सांगतो. तो मेदाचा, स्नायूंचा की पाण्याचा, हे त्याला कळत नाही. मेद हळूहळू साठतो. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरींचा साठा. तो दोन-तीन दिवसांत तयार होणे जवळपास अशक्य असते. म्हणून दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले असतील, तर ते प्रामुख्याने पाणी असते.

या पाण्याची कारणे पुष्कळदा निरुपद्रवी असतात. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन या स्वरूपात शर्करा साठते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे आणि सणाच्या जेवणानंतर तितक्याच झपाट्याने परतणारे वजन बहुतांशी हेच. खारट पदार्थ, मासिक पाळीपूर्वीचे दिवस आणि नव्याने सुरू केलेला जोरकस व्यायाम यांमुळेही शरीर काही काळ पाणी धरून ठेवते.

परंतु पाण्याचे एक रूप गंभीर आहे. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा अधिक वजन वाढणे, पायांवर सूज येऊन बोटाने दाबल्यावर खळगा पडणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसणे, लघवीला सतत फेस येणे ही हृदय, मूत्रपिंड वा यकृत यांच्या विकाराची लक्षणे असू शकतात. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना रोज सकाळी वजन करून नोंदवण्यास सांगितले जाते, ते याचसाठी. हातपाय बारीक होत असताना केवळ पोटाचा घेर वाढत असेल, तर पोटातील पाणी किंवा स्त्रियांमध्ये बीजांडकोशाची गाठ नाही ना, हेही सोनोग्राफीने पाहावे लागते. अशा वेळी आहारात आणखी काटछाट करण्यात दवडलेले आठवडे महागात पडतात.

थायरॉइड : खरे कारण, पण मर्यादित

गळ्याशी असलेली थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथी मंदावली की चयापचयाची गती उतरते. भारतात हा विकार दुर्मीळ नाही. आठ शहरांतील प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉइडची कार्यमंदता आढळली होती. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज घोगरा होणे आणि मासिक पाळीत बदल ही तिची लक्षणे. टीएसएच ही रक्तातील साधी तपासणी निदानाची पहिली पायरी असते.

मात्र या विकाराने वाढणाऱ्या वजनाला मर्यादा आहे. ते साधारणतः दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि त्यातील मोठा भाग मीठ व पाणी यांच्या साठ्याचा असतो. उपचार सुरू झाल्यावर तेवढा भाग उतरतो. पंधरा-वीस किलो वाढलेल्या वजनाचा सारा दोष थायरॉइडवर टाकला, की दुसरे कारण झाकलेले राहते. उलट, टीएसएच सामान्य असताना वजन उतरवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. त्याने हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात.

औषधांची पिशवी

तपासण्यांवर खर्च करण्यापूर्वी घरातील औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करणे हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत उपयोगी उपाय ठरतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे भूक वाढवतात आणि मेद पोट, चेहरा व मानेमागे साठवतात. मधुमेहावरील इन्सुलिन, ग्लिमेपिराइड व पायोग्लिटाझोन, मानसिक आजारांवरील ओलान्झापाइन, क्लोझापाइन व मिर्टाझापाइन, अपस्मार आणि मज्जातंतूंच्या वेदनांवरील व्हॅल्प्रोएट, गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन, अर्धशिशीसाठी वापरले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबावरील काही जुनी बीटा-ब्लॉकर औषधे यांनी वजन वाढू शकते. भूक लागावी म्हणून दिले जाणारे सायप्रोहेप्टाडिन अनेक घरांत ‘टॉनिक’ म्हणूनच ओळखले जाते. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने उपलब्ध असलेल्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनानेही काही स्त्रियांचे वजन वाढते.

सांधेदुखी किंवा दम्यावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्यांचा उल्लेख रुग्ण सहसा करीत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

यापैकी कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. अपस्माराचे औषध थांबवल्यास झटके येऊ शकतात. पर्यायी औषध किंवा कमी मात्रा यांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, आणि तो पुष्कळदा शक्य असतो.

तंबाखूचे धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात वजन सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते. ही वाढ डोळ्यांवर येत असली, तरी सिगारेट सोडल्याचा लाभ तिच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

संप्रेरकांचे इतर विकार

अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवू लागले की कुशिंग विकार होतो. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. हा विकार अत्यंत विरळ आहे, पण ओळखता येतो. गोल होत जाणारा चेहरा, पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, किरकोळ धक्क्याने उमटणारे काळे-निळे डाग, नव्याने जडलेला उच्च रक्तदाब वा मधुमेह, आणि खुर्चीवरून हाताच्या आधाराविना उठता न येणे ही त्याची चिन्हे. मांड्या व दंड बारीक होत असताना धड जाड होत जाणे हे त्याचे वैशिष्ट्य. ही चिन्हे असतील तरच कॉर्टिसॉलच्या विशेष चाचण्या कराव्यात. केवळ वजन वाढले म्हणून सरसकट केलेल्या चाचण्या गोंधळ वाढवतात.

तरुण स्त्रियांमध्ये पीसीओएस हे अधिक आढळणारे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील दहापैकी सुमारे एका स्त्रीला हा विकार असतो आणि बहुसंख्य स्त्रियांना त्याची कल्पनाही नसते. अनियमित मासिक पाळी, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे आणि मानेवर काळसर मखमली पट्टा दिसत असेल, तर इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसल्याचा तो संकेत असतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास, भारतीय स्त्रियांत सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास, एकूण वजन फारसे न बदलताही मेद नितंबांकडून पोटाकडे सरकतो.

रात्रपाळी आणि झोप

भिलाईसारख्या शहरात डॉक्टरांनी ‘काय खाता’ याआधी ‘केव्हा झोपता’ हे विचारावे, असे संशोधन सुचवते. शरीरातील पेशींना दिवस-रात्रीचे स्वतःचे घड्याळ असते. त्या घड्याळाची रेण्वीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ निरोगी प्रौढांना कामाच्या आठवड्याप्रमाणे सलग पाच दिवस रोज पाचच तास झोपू दिले. जागरणामुळे त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे पाच टक्क्यांनी वाढला. पण रात्रीच्या जेवणानंतरचे खाणे त्याहून अधिक वाढले आणि वजन सरासरी ०.८२ किलोने चढले. त्याच विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगात रात्री जागून दिवसा झोपणाऱ्या १४ जणांचा ऊर्जाखर्च दिवसपाळीच्या तुलनेत घटलेला आढळला. म्हणजे तेच ताट, तोच माणूस. केवळ वेळ उलटल्याने ऊर्जेचा हिशेब बदलतो.

फिरत्या पाळीच्या कामगाराला आपली वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. त्याच्यासाठी शक्य असलेल्या गोष्टी मर्यादित, पण निश्चित आहेत : मुख्य जेवण रात्रपाळीला निघण्यापूर्वी घेणे, मध्यरात्रीनंतर तळलेले व गोड टाळून हलके खाणे, सकाळी परतल्यावर पडदे ओढून सलग झोप घेणे. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा डुलक्या येणे ही लक्षणे असतील, तर निद्राश्वासरोधाची तपासणी आवश्यक ठरते. पहाटे घरी परतलेल्या माणसाने झोप सोडून व्यायामाला जाणे फायद्याचे ठरतेच असे नाही.

ताटाचा हिशेब

वरील कारणे वगळल्यावर आहाराकडे वळावे लागते. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात १९९२ मध्ये झालेला अभ्यास यासंदर्भात मूलभूत मानला जातो. दिवसाला १,२०० किलोकॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या दहा जणांचा ऊर्जाखर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांचा चयापचय सामान्य निघाला. त्यांनी नोंदवलेला आहार मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त होती.

याचा अर्थ ते खोटे बोलत होते असा काढणे चुकीचे ठरेल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात प्रशिक्षित आहारतज्ज्ञ स्त्रियांनीही स्वतःचा आहार दिवसाला सरासरी २२३ किलोकॅलरींनी कमी नोंदवला. इतर स्त्रियांत ही तफावत ४२९ होती. अंदाज चुकणे हा मानवी स्वभाव आहे.

मराठी स्वयंपाकघरात हा अंदाज मुख्यतः तेल, शेंगदाणे आणि साखर यांपाशी चुकतो. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी असतात. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२०. ते फोडणीत, चटणीत आणि पोळीच्या घडीत दिसेनासे होते. चमचे मोजण्यापेक्षा महिन्याचे वाणसामान मोजणे सोपे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम तेल, म्हणजे २७० किलोकॅलरी येतात. तूप आणि बाहेरचे खाणे वेगळे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेतल्यास केवळ साखरेतून २०० किलोकॅलरी जातात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी पिष्टमय पदार्थ, दाण्याचे कूट आणि तूप यांमुळे साध्या वरणभाताहून सहज जड ठरते. रोज १०० किलोकॅलरी जादा गेल्या तर कागदोपत्री वर्षाला साडेचार किलोंहून अधिक मेद साठतो. शरीर काही प्रमाणात जुळवून घेत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते, पण दिशा तीच राहते.

व्यायाम काय करतो, काय करीत नाही

साठ किलो वजनाची व्यक्ती तासाभराच्या मध्यम गतीच्या चालण्यात सुमारे २०० किलोकॅलरी खर्च करते. त्यातील काही भाग ती स्वस्थ बसूनही खर्च करणारच असते. दोन सामोशांनी ही कमाई पुसली जाते. शिवाय व्यायाम वाढवल्यावर शरीर उरलेल्या दिवसातील खर्च आखडते घेते, असे गेल्या दीड दशकातील संशोधनातून दिसून आले आहे. सायन्स या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक विश्लेषणानुसार शरीराच्या आकारमानाचा विचार करता चयापचयाचा वेग वयाच्या २० ते ६० वर्षांदरम्यान जवळपास स्थिर राहतो. चाळिशीत ‘चयापचय मंदावला’ हे स्पष्टीकरण त्यामुळे टिकत नाही; हालचाल व स्नायू घटणे हे अधिक संभाव्य कारण आहे.

व्यायामाचे मोल मात्र वजनकाट्यावर ठरत नाही. रक्तशर्करा, रक्तदाब, झोप आणि मन:स्वास्थ्य यांवरील त्याचा परिणाम आकडा न हलताही होतो. चालण्याला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची जोड दिल्यास वजन तेच राहून कंबर कमी होऊ शकते.

पुण्याचा शोध : सडपातळ, तरी मेदयुक्त

कंबर महत्त्वाची का, याचे उत्तर देण्यात पुण्यातील संशोधनाचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा गावांत गरोदर माता व त्यांची बाळे यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

पुढच्याच वर्षी लॅन्सेट या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची व वजनाच्या गुणोत्तरावर आधारित बीएमआय दोघांचाही २२.३ होता, शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. युडकिन मॅरेथॉन धावणारे असल्याने काही फरक व्यायामाचा असू शकतो, हेही त्यांनी नमूद केले. तरीही एकच बीएमआय दोन वंशांत एकच अर्थ सांगत नाही, हे त्या एका छायाचित्रातून जगाला समजले.

म्हणूनच भारतीयांसाठी मापदंड कडक आहेत. बीएमआय २३ च्या वर गेल्यास वजन अधिक, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत मर्यादित असावा, असे भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीत म्हटले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगानेही केवळ बीएमआयवरून निदान करू नये, अशी शिफारस केली.

तपासणीचा क्रम

दोन आठवडे रोज सकाळी एकाच वेळी, शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी वजन नोंदवावे व आठवड्याची सरासरी पाहावी. एकदा बेंबीच्या पातळीच्या आसपास, श्वास सोडल्यावर कंबर मोजावी आणि पुढे तीच जागा कायम ठेवावी. झोपेच्या वेळा, औषधांची पूर्ण यादी आणि चार दिवसांच्या जेवणाची छायाचित्रे सोबत न्यावीत. डॉक्टर साधारणतः रक्तदाब, टीएसएच, उपाशीपोटी रक्तशर्करा व एचबीएवनसी, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या आणि लघवीतील प्रथिने तपासतात. पुढील चाचण्या लक्षणांनुसार ठरतात. तिशीवरील व्यक्तींसाठी रक्तदाब व मधुमेहाची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत विनामूल्य होते.

अंगावर सूज आणि धाप, काही दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन, पोटाचा एकाएकी वाढलेला घेर, जांभळे पट्टे व स्नायूंची दुर्बलता, किंवा वजनवाढीसह तीव्र डोकेदुखी व अंधूक दिसणे यांपैकी काहीही असल्यास या नोंदींची वाट न पाहता थेट डॉक्टर गाठावा.

वजन वाढलेल्या व्यक्तीला आधी दोषी ठरवण्याची सवय वैद्यकीय दृष्ट्याही घातक आहे. अवहेलना झालेला रुग्ण पुन्हा दवाखान्यात जाणे टाळतो. औषधांची पुडी, रात्रपाळी, घोरणे किंवा पायांवरची सूज या गोष्टी मग सांगायच्या राहून जातात. त्या सांगितल्या गेल्या आणि ऐकून घेतल्या गेल्या, तर ‘अकारण’ म्हणून सोडून दिलेल्या बहुतेक वजनवाढीमागे एखादे नाव असलेले, मोजता येणारे आणि पुष्कळदा दुरुस्त करता येणारे कारण सापडते.